प्रोटीनचा डबा आणि चमचाभर तेल

पोरगं बारीक दिसलं की आपल्याकडे पहिला शब्द निघतो तो 'प्रोटीन'. का बरं? तेल का नाही, तूप का नाही? हा प्रश्न मला पडला तो खामगावच्या ताईमुळे. भाचा दोन वर्षांचा झालाय, अंगणवाडीच्या तक्त्यावर त्याचा ठिपका पिवळ्या पट्ट्यात गेलाय, आणि शेजारपाजारच्या सगळ्यांनी एकच सल्ला दिला - पावडरचा डबा आणा. डब्याची किंमत ऐकून मी शनिवार-रविवार वाचतच बसलो. आमचं काम कोडमधले बग शोधायचं, म्हटलं हा बग कुठून आला ते तरी बघू!

तर गोष्ट सुरू होते 1933 साली, आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात. सिसिली विल्यम्स नावाच्या डॉक्टरबाईंनी तिथल्या मुलांचा एक आजार जगापुढे मांडला. धाकटं भावंड आलं की थोरल्याचं अंगावरचं दूध सुटायचं, मग नुसती मक्याची पेज, आणि थोड्याच दिवसांत पोर सुजायचं. आजाराचं तिथलं नाव क्वाशिओरकोर. बाईंनी शंका घेतली ती प्रथिनांवर. पुढे त्या शंकेचा जवळपास सिद्धांतच झाला. 1955 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली प्रथिनांसाठी खास सल्लागार गट निघाला. 1968 पर्यंत तर 'जगावर प्रथिनांचं संकट येतंय' असा अहवालही आला.

भारतही मागे नव्हता. म्हैसूरच्या अन्न-तंत्रज्ञान संस्थेने (सीएफटीआरआय) 'मल्टिपर्पज फूड' नावाचं पीठ बनवलं. त्यात तीन भाग शेंगदाण्याचं पीठ, एक भाग हरभऱ्याचं. ऐकायला झकास! पण ते शेंगदाण्याचं पीठ होतं तेल काढून घेतलेलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता एन्ट्री एका मराठी माणसाची. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म 1911, सातारा जिल्ह्यातलं बुध गाव. पेशाने डॉक्टर नव्हेत, संख्याशास्त्रज्ञ. 1951 पासून जवळपास वीस वर्षं त्यांनी रोमला 'एफएओ'मध्ये संख्याशास्त्राचा विभाग सांभाळला. त्यांनी काय केलं, तर आहाराच्या पाहण्यांचे आकडे घेऊन बसले. दिसलं असं की ज्यांना प्रथिनं कमी पडतात, त्यांतल्या बहुतेकांना मुळात अन्नच कमी पडतंय. धान्य-डाळीचा आहार पोटभर मिळाला की प्रथिनं बहुधा आपोआप पुरतात. आणि उष्मांक कमी पडले तर शरीर खाल्लेली प्रथिनंसुद्धा जळणासारखी वापरून टाकतं. म्हणजे चूल विझायला लागली म्हणून घराचे वासेच जाळायचे!

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत डॉ. गोपालन आणि सहकाऱ्यांनी हेच मुलांवर पडताळून पाहिलं. कुपोषित मुलांना 14 महिने रोज वरचा खाऊ दिला - गव्हाचं पीठ, साखर, तेल. एकूण 310 कॅलरी आणि प्रथिनं जेमतेम 3 ग्रॅम. थोडक्यात, शिऱ्याचा भाऊच. तरी मुलांची उंचीही वाढली, वजनही. हे 1973 साली छापून आलं. पुढच्याच वर्षी डोनाल्ड मॅकलारेन यांनी 'लॅन्सेट'मध्ये सगळ्या प्रथिन-मोहिमेला 'महाफजिती' म्हणून टाकलं.

याचा अर्थ प्रथिनं बिनकामाची असा मुळीच नाही. आणि सुखात्म्यांचं सगळंच पटावं असंही नाही. शरीर कमी खाण्याशी जुळवून घेतं, असं ते नंतर मांडू लागले. त्या मांडणीने भुकेल्यांचा आकडा कागदावर आपोआप घटतो. तिला ठाम विरोध केला तो याच गोपालन यांनी.

आता त्या तेलाकडे येऊ. 1996 मध्ये फ्रान्समध्ये आंद्रे ब्रिआँ आणि मिशेल लेस्कान यांनी 'प्लम्पीनट' काढलं: शेंगदाण्याची पेस्ट, दूध पावडर, साखर, तेल, जीवनसत्त्वं. 92 ग्रॅमच्या पुडीत 500 कॅलरी. म्हैसूरच्या पिठातून काढून टाकलेलं तेल इथे परत आलं! कारण साधं आहे. लहान मुलाचं पोट वाटीएवढं. पातळ पेज, वरणाचं वरचं पाणी यांनी ते भरतं, पण ऊर्जा मिळत नाही. तेलातुपाच्या ग्रॅमला 9 कॅलरी, पिठाला आणि प्रथिनांना 4. छोटा चमचाभर तेल वरणात घातलं की वाटी तेवढीच राहते आणि साधारण 40-45 कॅलरी वाढतात.

आमच्या बुलढाण्यात यातलं काय मिळत नाही? फल्ली, तीळ, जवस, हरभरा, गूळ. 20 ग्रॅम फल्लीचा कूट आणि 10 ग्रॅम गुळाचा लाडू म्हणजे सुमारे 150 कॅलरी आणि 5 ग्रॅम प्रथिनं. असे दोन लाडू झाले की गोपालन यांचा खाऊ झाला. (फल्ली अख्खी देऊ नका, लहान मुलांच्या घशात अडकते. कूटच बरा.) खिचडी दाट, वर तूप, आणि दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं. ताईला मी हेच सांगितलं, आणि डॉक्टरांना दाखवायलाही. कारण सारखे जुलाब, जंत किंवा दुसरा आजार असेल तर नुसत्या तुपाने भागत नाही. दंडाचा घेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी असेल किंवा पायावर सूज असेल तर लाडू बाजूला ठेवायचे आणि सरळ दवाखाना गाठायचा. तिथेही सुरुवात हलक्या दुधाने, हळूहळू करतात. एकदम भरवलं तर जिवावर बेततं.

राज्याने 2005 मध्ये कुपोषणाविरुद्ध मिशन काढलं, त्याला नाव दिलं राजमाता जिजाऊंचं. त्यांचा जन्म आमच्या सिंदखेडराजाचा. त्या मिशनचा भर होता पहिल्या दोन वर्षांवर, कारण तेव्हा बुडालेली वाढ पुढे भरून काढणं फार अवघड. त्याच जिल्ह्यातलं सोयाबीन गाड्या भरून गिरणीत जातं, तेल एकीकडे, पेंड दुसरीकडे. आणि सातपुड्याच्या पायथ्याला, जळगाव जामोद-संग्रामपूरच्या आदिवासी पाड्यांवर, चमचाभर तेलाचाही हिशेब करावा लागतो. तिथल्या आईला 'तूप घाला' असं सांगणं सोपं. ते तूप तिच्या घरात पोचवणं हे खरं काम.

असो, लेख लांबला. पुढच्या शनिवारी खामगावच्या कापूस बाजारावर लिहीन म्हणतो.