आश्रयगृहाची जाहिरात : पुण्याच्या भिंतीपासून खानदेशातल्या मोबाइलपर्यंत

संकटातल्या बाईला आश्रयगृहाची खबर मिळायला हवी आणि तिच्या मागावर असलेल्याला ती कुठे गेली हे कळता कामा नये, हा पेच महाराष्ट्रात निदान 1863 पासूनचा आहे. त्या वर्षी पुण्यात सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्याकडे स्वयंपाकाला असलेल्या काशीबाई या तरुण विधवेने लोकलाजेपोटी आपले तान्हे मूल मारले आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी त्यानंतर स्वतःच्या जागेतच बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि ब्राह्मण वस्तीतल्या रस्त्यांच्या कोपऱ्यांवर त्याच्या जाहिराती चिकटवल्या. जागा उघड, बाळंतिणीचे नाव गुप्त, अशी ही योजना होती. 1884 पर्यंत तिथे 35 विधवा बाळंत झाल्या, असे जोतीरावांनी त्या वर्षीच्या पत्रात लिहिले आहे.

प्रसिद्धीची दुसरी बाजू पंडिता रमाबाईंच्या वाट्याला आली. 1889 साली मुंबईत सुरू झालेले त्यांचे शारदा सदन हे विधवांसाठीचे निवासी विद्यालय पुढच्याच वर्षी पुण्यात आले. 1893 साली तिथल्या मुलींच्या ख्रिस्ती धर्मांतराचा वाद वर्तमानपत्रांतून पेटला, सुधारक रानडे आणि भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. आश्रयाच्या घराबद्दल गावात कसे बोलले जाते, यावर तिथल्या मुलींचे राहणे अवलंबून होते.

लोक काय बोलतील ही भीती खानदेशातही, म्हणजे आजच्या जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत, दिसते. बदनामीची भीती किती खोल असते, हे 1994 साली जळगावात उघडकीस आलेल्या लैंगिक शोषणाच्या प्रकरणाने दाखवले. मुली आणि स्त्रियांना छायाचित्रांचा धाक घालून पिळले जात होते. प्रकरण राज्यभर गाजले, मोर्चे निघाले, तरी अनेक पीडिता तक्रारीला पुढे आल्या नाहीत. आपला चेहरा आणखी कुणी पाहील, हीच धास्ती. बलात्कारपीडितेची ओळख छापणे 1983 पासून गुन्हा आहे. पण कायद्याने भीती जात नाही.

कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा 2005 साली झाला आणि पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये लागू झाला. आपल्या भागातील आश्रयगृहे, कायदेविषयक मदत आणि वैद्यकीय सोयी यांची यादी ठेवण्याचे काम त्याने संरक्षण अधिकाऱ्याकडे दिले आणि कायद्याची प्रसिद्धी करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. 2015 साली देशात संकटातल्या स्त्रियांसाठी ‘सखी’ वन स्टॉप सेंटरची योजना आली. तिथे काही दिवसांपुरताच मुक्काम असतो. दीर्घ निवाऱ्यासाठीच्या ‘स्वाधार’ आणि ‘उज्ज्वला’ या योजना 2022 साली ‘शक्ती सदन’मध्ये एकत्र झाल्या. 181 ही स्त्रियांसाठीची हेल्पलाइन आहे.

आता जाहिरात भिंतीवरून मोबाइलच्या पडद्यावर आली आहे, आणि तो मोबाइल पुष्कळदा घरात सगळ्यांचा असतो. म्हणून जगभरच्या अनेक आश्रयगृहांच्या वेबसाइटवर एक ठसठशीत बटण असते: ते दाबले की पान क्षणात नाहीसे होऊन हवामानासारखे निरुपद्रवी पान उघडते. ब्राउझरच्या इतिहासात मात्र आधीचे पान उरते, आणि केलेला फोन कॉल लॉगमध्ये दिसतो. या दोन गोष्टी पानाच्या वरच्या भागातच सांगायला हव्यात. त्या लपवणारी साइट बाईला धोक्यात घालते. राहत्या इमारतीचा पत्ता, नकाशा आणि राहणाऱ्यांचे फोटो देणगीदारांना कितीही हवेसे वाटले तरी टाळावेत. देणगीचे आवाहन खाली, मदतीचा क्रमांक वर, हा क्रम सोडू नये.

खानदेशात लिखित प्रमाण मराठी पुरत नाही. घरात अहिराणी, यावल-रावेरकडे लेवा बोली, चोपडा-शिरपूरच्या सातपुडा पट्ट्यात पावरी बोलली जाते. फोनवर कोण बोलेल, सोबत मुले आणता येतील का, कागदपत्रे नसली तर काय, पैसे लागतील का, या प्रश्नांची उत्तरे त्या त्या बोलीत छोट्या ध्वनिफितींतून मिळाली, तर वाचता न येणाऱ्या बाईलाही कुणाकडून वाचून घ्यावे लागत नाही.