जॅनेट मॅक्डोनाल्डबाईंची चित्रपट-कारकीर्द : दोन पाठ व त्यांचा निर्णय

हस्तलिखितें, सनदा व शिलालेख ह्यांनाच वाहिलेल्या ह्या त्रैमासिकांत अमेरिकेंतील हॉलिवुडच्या एका गायिका-नटीचा विषय पाहून कित्येक वाचकांस आश्चर्य वाटेल. परंतु साधनांची परीक्षा हें आपलें कार्य आहे. आणि साधन ताडपत्राचें आहे कीं सेल्युलॉइडच्या फितीचें, ह्यावर परीक्षेचे नियम बदलत नाहींत. मॅक्डोनाल्डबाईंच्या चरित्रांत जो घोळ पडला आहे तो तर आपल्या चांगल्याच ओळखीचा आहे : एक चुकीचा सन, एक छाटलेली प्रत, आणि उत्तरकालीन पाठाखालीं झांकला गेलेला मूळ पाठ. ह्या तिहींचा क्रमानें विचार करूं.

प्रथम जन्मसनाचा प्रश्न. बाईंचा जन्म फिलाडेल्फिया येथें १८ जून रोजीं झाला, ह्याविषयीं वाद नाहीं. वाद सनाचा आहे. ग्लेन्डेल येथील फॉरेस्ट लॉन स्मशानभूमींत त्यांच्या समाधीवर इ. स. १९०७ हा सन कोरलेला आहे. शिलालेख हें श्रेष्ठ प्रमाण, असें आम्ही विद्यार्थ्यांस वर्षानुवर्षें सांगत आलों. आणि त्याच भरंवशावर आमच्या टिपणवहींतहि आम्हीं १९०७ हाच सन लिहून ठेविला होता. तो आम्हांस खोडावा लागला. कारण त्यांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीवरून जन्म १९०३ चा ठरतो. समाधीचा लेख मृत्यूनंतरचा, म्हणजे १९६५ चा. बाप्तिस्म्याची नोंद बाल्यांतली. शिवाय अंतर्गत पुरावाहि आहे. इ. स. १९२० मध्यें बाई न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर जेरोम कर्न ह्यांच्या ‘द नाइट बोट’ ह्या संगीत नाटकांत समूहांत गात होत्या. १९०७ धरिल्यास त्या वेळीं त्यांचें वय फार तर तेरा वर्षांचें होतें, जें संभवनीय दिसत नाहीं. १९०३ धरिल्यास सोळा-सतरा येतें, व सर्व जुळतें. दगडावर कोरलें म्हणून तें समकालीन ठरत नाहीं. लेख कोणीं, केव्हां व कोणत्या हेतूनें कोरविला हें आधी पाहावें, हा धडा येथें पुनः मिळतो. नटींनीं वय कमी सांगण्याची त्या व्यवसायांत रीतच होती. त्याबद्दल बाईंस दोष देण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं.

आतां कारकीर्दीकडे वळूं. लोकस्मृतींत मॅक्डोनाल्डबाई आहेत त्या नेल्सन एडी ह्यांच्या जोडीनें गाणाऱ्या, गोड, सोज्ज्वळ व किंचित् कृत्रिम अशा नायिका. ह्या जोडीचे चित्रपट आठ : १९३५ च्या ‘नॉटी मॅरिएटा’पासून १९४२ च्या ‘आय मॅरीड ॲन एंजल’पर्यंत. परंतु तत्पूर्वीच्या पांच वर्षांत बाईंचे बारा चित्रपट झाले होते, ही गोष्ट स्मृतींतून गळाली आहे. एर्न्स्ट लुबिच ह्यांचा पहिला बोलपट ‘द लव्ह परेड’ (१९२९) हाच बाईंचाहि पहिला चित्रपट. त्यानंतर लुबिच ह्यांच्याचकडे ‘मॉन्टी कार्लो’ (१९३०), ‘वन अवर विथ यू’ (१९३२) व ‘द मेरी विडो’ (१९३४). आणि रूबेन मामूलियन ह्यांच्याकडे ‘लव्ह मी टुनाइट’ (१९३२). ह्या पांचांपैकीं चारांत त्यांचे नायक फ्रेंच गायक-नट मोरिस शेव्हालिये होते. येथील नायिका सोज्ज्वळ नव्हे, तर मिस्किल आहे. मानी राणी किंवा राजकन्या असूनहि स्वतःच्याच मानाचें हसें करून घेण्याची तिची तयारी असते. गाणें हें संवादाचेंच पुढचें पाऊल म्हणून येतें, व गातां गातां थट्टा साधण्याची हातोटी बाईंच्या ठिकाणीं विशेष होती. ‘वन अवर विथ यू’ व ‘द मेरी विडो’ हे चित्रपट फ्रेंच भाषेंतहि निराळे घेतले गेले, व त्यांतहि बाईंनींच काम केलें. म्हणजे एकाच ग्रंथाच्या दोन शाखा, दोन्ही मूळच्याच.

मग हा पहिला पाठ लोपला कां ? आमच्या मतें कारणें दोन. पहिलें व्यापाराचें : ‘द मेरी विडो’वर मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीनें भरपूर खर्च केला, पण तो भरून निघाला नाहीं, उलट ‘नॉटी मॅरिएटा’ हें व्हिक्टर हर्बर्ट ह्यांच्या १९१० च्या संगीतिकेवरील चित्र फार लोकप्रिय झालें. दुसरें कारण अधिक गंभीर आहे. इ. स. १९३४ पासून हॉलिवुडमध्यें नीतिनियमांची अंमलबजावणी कडक झाली, आणि पूर्वीचें चित्र पुनः दाखवावयाचें तर त्यासहि नव्या नियमांची संमति लागूं लागली. ‘लव्ह मी टुनाइट’ मूळ १०४ मिनिटांचें. पुनःप्रदर्शनासाठीं छाटलेली प्रत ८९ मिनिटांची. मर्ना लॉय ह्या नटीनें झिरझिरीत रात्रवस्त्रांत गाइलेला एका गीताचा भाग छाटला गेला, तोहि ह्याच वेळीं. छाटलेले तुकडे आजवर सांपडले नाहींत. ‘ॲनाबेल्स अफेअर्स’ (१९३१) ह्या विनोदी चित्राचें तर एकच रीळ उरलें आहे. पोथीचीं मधलीं पानें वाळवीनें खाल्लीं, तर आपण हळहळतों. येथें तीं पानें माणसांनीं बुद्ध्या काढून टाकिलीं. मागून येणाऱ्या पिढीनें उत्तरकालीन आठ चित्रांवरूनच बाईंची प्रतिमा बांधली, ह्यांत तिचा दोष थोडा.

‘वन अवर विथ यू’संबंधीं कर्तृत्वाचाहि वाद आहे. दिग्दर्शनाचा आरंभ जॉर्ज क्यूकर ह्यांनीं केला. पुढें लुबिच ह्यांनीं सूत्रें आपल्याकडे घेतलीं. नामनिर्देशासाठीं तंटा झाला, व अखेर क्यूकर ह्यांचें नांव साहाय्यक म्हणून राहिलें. एका ग्रंथास दोन हात लागले असतां पुष्पिकेंत कोणाचें नांव यावें, हा प्रश्न आपणांस नवा नाहीं.

ह्यावरून उत्तरकालीन पाठ खोटा, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. १९०६ च्या भूकंपावर उभारलेल्या ‘सॅन फ्रॅन्सिस्को’ (१९३६) ह्या चित्रांत क्लार्क गेबल व स्पेन्सर ट्रेसी ह्यांच्यासमोर बाई तसूभरहि उण्या पडत नाहींत. त्या चित्रास व ‘नॉटी मॅरिएटा’सहि ध्वनिलेखनाचें अकॅडेमी पारितोषिक मिळालें. ‘स्वीटहार्ट्स’ (१९३८) हें तर त्यांच्या कंपनीचें तीन-रंगी टेक्निकलर पद्धतीचें पहिलें पूर्ण चित्र. गाण्याची निष्ठा तर निःसंशय खरी : चाळिशींत येऊन बाई १९४३ मध्यें मॉन्ट्रिऑल येथें ज्यूलिएटच्या भूमिकेंत ऑपेराच्या रंगमंचावर उभ्या राहिल्या, १९४४ मध्यें शिकागोसहि गाइल्या, व त्यासाठीं लोटे लेमान ह्यांच्याजवळ त्यांनीं अभ्यास केला. शेवटचा चित्रपट ‘द सन कम्स अप’ १९४९ चा. मृत्यु १४ जानेवारी १९६५ रोजीं ह्यूस्टन येथें.

म्हणून आमचा निर्णय असा : जन्मसन १९०३ मानावा, आणि बाईंच्या अभिनयाचा मूळ पाठ १९२९ ते १९३४ च्या विनोदी संगीतपटांत शोधावा, उत्तरकालीन जोडीचे चित्रपट त्यावरील दुसरा संस्कार समजावा. ‘लव्ह मी टुनाइट’ची गणना १९९० पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-नोंदवहींत होत आहे, पण नोंद झाली ती छाटलेल्या देहाची. ती पंधरा मिनिटें एखाद्या संग्राहकाच्या पेटींत, चुकीची चिठ्ठी लावलेल्या डब्यांत, पडून असतील किंवा नसतील. आपल्यापैकीं ज्यांनीं रद्दीच्या दुकानांतून अस्सल पत्रें वांचविलीं आहेत, त्यांस डबा उघडल्याशिवाय त्यावरची चिठ्ठी खरी मानूं नये, हें सांगण्याची गरज नाहीं.