संकेतस्थळांची सुरक्षा-प्रमाणपत्रे आणि ब्राउझरचा इशारा : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

प्रवेश, परीक्षेचे अर्ज, शिष्यवृत्ती, अंतर्गत गुणांची नोंद अशी महाविद्यालयाची अनेक कामे आज संकेतस्थळांवरून होतात. ही कामे सुरू असताना कधी कधी पडद्यावर इशारा उमटतो : या स्थळाशी होणारी जोडणी सुरक्षित नाही, त्याच्या प्रमाणपत्रात दोष आहे. काम अडू नये म्हणून तो न वाचताच पुढे जाण्याची सवय सर्वत्र आढळते. वस्तुतः हा इशारा म्हणजे विश्वासाच्या साखळीतील कोणता दुवा तुटला आहे, याची नोंद असते. ही साखळी कशी घडली, ती कोठे तुटली आणि इशाऱ्याचे वाचन कसे करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कागदाच्या खात्रीची परंपरा

आलेला लेख खरोखरच त्या व्यक्तीकडून आला आहे काय, हा प्रश्न कोल्हापूरच्या अभ्यासकांना नवा नाही. येथील पुरालेखागारात करवीर संस्थानचे दप्तर जतन केलेले आहे. मराठेशाहीतील राजपत्राची खात्री अनेक खुणांनी होत असे. पत्राच्या माथ्यावर मुद्रा, शेवटी मोर्तब आणि कागदाचे बंद एकमेकांना जोडले असल्यास सांध्यावर शिक्का. मुद्रेने पत्र कोणाचे ते कळे, मोर्तबामुळे मजकुराखाली भर घालता येत नसे, तर सांध्यावरील शिक्क्यामुळे मधला बंद बदलणे कठीण होई. मात्र या व्यवस्थेची एक अट होती. पाहणाऱ्याला मूळ मुद्रा ओळखता आली पाहिजे. संगणकीय प्रमाणपत्राचीही अट हीच आहे.

कोल्हापूर परिसरात संगणक-जाळ्याचा सार्वजनिक वापर तुलनेने लवकर सुरू झाला. १९९८ मध्ये वारणा सहकारी समूह, महाराष्ट्र शासन आणि नॅशनल इन्फॉर्मेटिक्स सेंटर (एनआयसी) यांच्या सहभागाने कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील ७० गावांसाठी प्रकल्प हाती घेण्यात आला. उसाची नोंद, तोडणी व बिलाची माहिती हा त्याचा प्रमुख उपयोग होता. तेथे सभासद आणि कारखाना एकमेकांस परिचित होते. खुल्या इंटरनेटवर असा परिचय नसतो. तेथे ओळख पटविण्यासाठी तिसऱ्याची साक्ष लागते.

प्रमाणपत्राचा उदय

१९७६ मध्ये डिफी आणि हेलमन यांनी सार्वजनिक किल्लीची कल्पना मांडली. परंतु एखादी किल्ली अमुकाचीच आहे हे कोण सांगणार, हा प्रश्न उरला. १९७८ मध्ये लोरेन कोनफेल्डर यांनी एमआयटीतील प्रबंधात त्यावर प्रमाणपत्राचा उपाय सुचविला. १९८८ मध्ये एक्स.५०९ या मानकाने त्यास निश्चित रूप दिले. १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीने सिक्युअर सॉकेट्स लेयरची दुसरी आवृत्ती प्रसिद्ध केली आणि प्रमाणपत्र सामान्य वाचकाच्या ब्राउझरपर्यंत पोहोचले.

या रचनेत संकेतस्थळाच्या प्रमाणपत्रावर मध्यस्थ प्राधिकाऱ्याची स्वाक्षरी असते व मध्यस्थाच्या प्रमाणपत्रावर मूळ प्राधिकाऱ्याची. मुळावर मात्र दुसऱ्या कोणाची साक्ष नसते. ब्राउझरच्या किंवा संगणक-प्रणालीच्या यादीत त्याचे नाव आहे, एवढ्यावरच तो विश्वासार्ह ठरतो.

या रचनेचे दुर्बल स्थान २०११ मध्ये उघड झाले. डिजिनोटार या डच कंपनीच्या व्यवस्थेत शिरकाव करून गूगलच्या नावाचे बनावट प्रमाणपत्र मिळविण्यात आले व ते इराणमधील वापरकर्त्यांविरुद्ध वापरले गेले. तेथील एका वापरकर्त्याच्या क्रोम ब्राउझरने इशारा दिला. त्याने तो दुर्लक्षित न करता जाहीरपणे कळविला आणि प्रकरण बाहेर आले. त्याच वर्षी ती कंपनी दिवाळखोरीत निघाली.

भारतातील व्यवस्था आणि २०१४ चा प्रसंग

भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० हा १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात आला. त्यान्वये नियुक्त झालेला प्रमाणन प्राधिकारी नियंत्रक (सीसीए) हा भारतीय साखळीचे मूळ ठरला. त्याच्या अधिपत्याखालील परवानाधारक प्राधिकाऱ्यांत एनआयसीचाही समावेश होता.

२ जुलै २०१४ रोजी एनआयसीच्या मध्यस्थ प्रमाणपत्रांखाली गूगलच्या नावांची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे गूगलच्या लक्षात आले. भारताचे मूळ प्रमाणपत्र मायक्रोसॉफ्टच्या यादीत असल्याने धोका प्रामुख्याने विंडोज संगणकांना होता. फायरफॉक्सच्या स्वतंत्र यादीत ते नसल्याने त्यास बाधा पोहोचली नाही. ३ जुलै रोजी सीसीएने एनआयसीची सर्व मध्यस्थ प्रमाणपत्रे रद्द केली. चौकशीअंती चार प्रमाणपत्रे चुकीने निघाल्याचे सीसीएने कळविले. तीन गूगलची आणि एक याहूचे. या चारांबाहेरचीही प्रमाणपत्रे आढळल्याने बिघाडाची व्याप्ती अज्ञात असल्याचे गूगलने म्हटले. क्रोममध्ये भारतीय मुळाचा विश्वास मोजक्याच नावांपुरता मर्यादित करण्याचे ठरले. त्यांत गव्ह.इन व एनआयसी.इन यांच्याबरोबर एसी.इन हेही होते. शिवाजी विद्यापीठाचे संकेतस्थळ याच एसी.इन क्षेत्रातील असल्याने हा निर्णय येथील प्राध्यापकवर्गाला परका नाही. राष्ट्राच्या साखळीवरील विश्वास कोठवर चालेल, हे देशाबाहेरील एका कंपनीने ठरविले, ही बाब विशेष विचारार्ह आहे.

इशाऱ्याचे वाचन

इशारा दिसताच प्रथम तो किती संगणकांवर आणि किती स्थळांवर येतो, हे पाहावे.

१) एकाच संगणकावर सर्व स्थळांना इशारा येत असल्यास तारीख तपासावी. संगणक दीर्घकाळ वीजपुरवठ्याविना राहिला, तर आतील बटण-बॅटरी संपून घड्याळ अनेक वर्षे मागे जाते. दीर्घ सुटीनंतर प्रयोगशाळेत हा अनुभव येतो. तारीख दुरुस्त करून बॅटरी बदलावी.

२) सर्व संगणकांवर एकाच स्थळाला इशारा येत असल्यास दोष बहुधा त्या स्थळाचा असतो. मुदत संपलेली असते किंवा प्रमाणपत्रातील नाव पत्त्याशी जुळत नाही. उपाय स्थळाच्या व्यवस्थापकाकडे असतो, त्यास कळवावे.

३) केवळ जुन्या संगणकांवर इशारा येत असल्यास नवे मूळ त्यांच्या यादीत नसण्याचा संभव असतो. ३० सप्टेंबर २०२१ रोजी लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची साखळी ज्या जुन्या मुळावर आधारलेली होती, त्याची मुदत संपली आणि अनेक जुनी यंत्रे अडली. येथे प्रणाली अद्ययावत करणे हाच मार्ग आहे.

४) आवारातील जाळ्यावर इशारा येतो, परंतु मोबाइलच्या जोडणीवर येत नाही, असे असल्यास मध्ये कोणीतरी स्वतःचे प्रमाणपत्र पुढे करीत आहे. ते संस्थेचेच तपासणी-यंत्र असू शकते किंवा परक्याचा हस्तक्षेप. खुलासा होईपर्यंत परवलीचा शब्द देऊ नये.

समारोप

प्रमाणपत्राची मुदत उत्तरोत्तर कमी होत आली आहे. सप्टेंबर २०२० पासून ती ३९८ दिवसांवर आली आणि २०२५ मधील निर्णयानुसार १५ मार्च २०२९ पासून ती ४७ दिवस असेल. तेव्हा नूतनीकरण स्वयंचलित न केल्यास महाविद्यालयांच्या स्थळांवर इशारे वारंवार उमटतील. त्याहून मोठी हानी सवयीची आहे. स्वतःच्याच महाविद्यालयाच्या स्थळावर इशारा ओलांडण्यास शिकलेला विद्यार्थी उद्या बँकेच्या स्थळावरही तो ओलांडेल. म्हणून प्रमाणपत्राचे नूतनीकरण ही केवळ तांत्रिक बाब न मानता दप्तराच्या जबाबदारीचा भाग मानावी. मोर्तब नसलेले पत्र अभ्यासक तपासल्याशिवाय ग्राह्य धरीत नाही. तीच शिस्त संगणकाच्या पडद्यासमोरही पाळणे आवश्यक आहे.