रक्तदाबाच्या पट्ट्याची कुळकथा

रक्तदाब, म्हणजे हृदयाने ढकललेल्या रक्ताचा धमनीच्या भिंतीवर पडणारा दाब, प्रथम मोजला गेला तो जिवंत जनावराची धमनी उघडून: स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने घोडीच्या मांडीतील धमनीला काचेची उभी नळी जोडली आणि रक्त तीत आठ फुटांहून उंच चढल्याचे १७३३ साली प्रसिद्ध केले. माणसाच्या बाबतीत ही रीत अर्थातच निरुपयोगी होती.

इटलीतील तुरीन येथे शिपिओने रिवा-रोची यांनी १८९६ मध्ये सायकलची रबरी ट्यूब, दौत, तांब्याची नळी आणि पारा एवढ्या सामग्रीवर नवे साधन उभे केले. दंडाभोवतीच्या ट्यूबेत हवा भरली की मनगटाची नाडी लोपे, आणि हवा सोडताना ती पुन्हा बोटांना लागली की पाऱ्याची त्या क्षणीची उंची हा वरचा दाब मानला जाई. मूळ पट्टा फारच अरुंद असल्याने आकडा फुगून येई. तो पुढे रुंद करण्यात आला. खालचा दाब मात्र हाती आला तो १९०५ मध्ये, जेव्हा रशियन शल्यविशारद निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी बोटांऐवजी स्टेथोस्कोप वापरून कोपराच्या खळगीत आवाज केव्हा उमटतो आणि केव्हा विरतो ते टिपले.

उच्च रक्तदाब बहुधा कसलाही त्रास न देता वर्षानुवर्षे धमन्या ताठर आणि हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड करीत राहतो. म्हणूनच या साधनाचे सर्वांत मोठे मोल, रुग्णाच्या दंडापेक्षाही, काहीच तक्रार नसलेल्या माणसाच्या दंडावर आहे. कर्करोग, मधुमेह, हृदयरोग व पक्षाघात यांच्या प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये देशातील शंभर जिल्ह्यांसाठी आखला गेला, तेव्हा त्यांत विदर्भातील वाशिमचाही समावेश होता, आणि तिशी ओलांडलेल्यांची तपासणी हा त्याचा गाभा होता.

तपासणीची शिस्त साधी असली तरी ती पाळावी लागते: माणूस पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसलेला, बाही वर सारलेली, हात हृदयाच्या पातळीत टेकवलेला. विदर्भात आणखी एक गोष्ट विचारावीच लागते, ती खर्ऱ्याची. त्यातील तंबाखूने दाब तात्पुरता चढतो, म्हणून खर्रा किंवा चहा घेतल्यावर निदान अर्धा तास थांबणे इष्ट. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० भरला, तरी एका मोजणीवर निदान ठरत नाही. दुसऱ्या दिवशी पट्टा पुन्हा बांधला जातो. गोळी सुरू झाल्यावरही तो सुटत नाही, कारण आकडा उतरला म्हणून गोळी परस्पर बंद केली, तर दाब बहुधा पुन्हा चढतो.