पंचांच्या वहीत भेटलेली आत्याआजी

‘लॉज’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बसस्थानकाजवळचे मुक्कामाचे ठिकाण येते. इंग्रजी अमदानीत मात्र या शब्दाला आणखी एक अर्थ होता. फ्रीमेसन या बंधुमंडळाच्या शाखेस ‘लॉज’ म्हणत. हिंदी लोकांना प्रवेश मिळावा म्हणून १८४३ साली मुंबईत ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही लॉज निघाली. आपला मुलूख ज्या निजामी राज्यात होता, त्याच्या राजधानीत, हैदराबादेत, या मंडळींना १८७२ साली गोशामहाल बारादरी मिळाली. आत काय चालते हे बाहेरच्यांस कळत नसे. म्हणून लोक अशा वास्तूला ‘जादूघर’ म्हणत.

गुपिते जपणाऱ्या या मंडळींनी सभासदांची नोंद मात्र काटेकोर ठेवली. नाव, व्यवसाय, राहण्याचे गाव, प्रवेशाची तारीख. इंग्लंडमधील त्यांची १७५१ ते १९२१ पर्यंतची पटपुस्तके आता संगणकावर पाहता येतात आणि पणजोबांचा शोध घेणारी कुटुंबे ती उघडतात.

मंठ्यासारख्या पेठेत माणसे धरून ठेवण्याचे काम पंचांनी व संघाने केले. येथे शपथ नव्हती, गुपित नव्हते. वही मात्र होती. पर्युषणातील बोली, स्वामीवात्सल्याची वर्गणी, जीवदयेचा निधी, सारे तिच्यात उतरत असे. ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त जुने दप्तर चाळण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा या वह्या केवळ जमाखर्चाच्या नाहीत, हे प्रथमच ध्यानात आले.

आमच्या कुळाची वंशावळ मारवाडातून येणाऱ्या भाटाच्या वहीत आहे. लहानपणी तो ती ओसरीवर बसून वाचून दाखवी आणि शिधा व पागोटे घेऊन जाई. त्या वहीत आजोबांच्या तीन भावांची नावे आहेत. आजोबांना एक बहीण होती, बालवयात विधवा होऊन ती माहेरी परतली, एवढेच घरात ऐकिवात होते. भाटाच्या वहीत तिची ओळ नाही.

पंचांच्या वहीत ती सापडली. संवत १९९९ चा भाद्रपद, म्हणजे इसवी सन १९४२. जीवदया खाती अकरा रुपये, पुढे तिचे नाव आणि शेवटी ‘हस्ते’ म्हणून आजोबांचे. अकरा रुपये त्या काळी लहान रक्कम नव्हे. ती तिने कोठून जमवली असेल, याचा मी दोन दिवस विचार करीत होतो.

अशा नोंदी लावण्यास थोडी हातोटी लागते. विक्रम संवतातून सत्तावन्न वजा करावेत, जानेवारीनंतरची मिती असल्यास छप्पन्न. निजामी काळातील सरकारी कागद उर्दूत व फसली सनाचे असतात. त्यात पाचशे नव्वद मिळवावेत. ट्रस्टच्या नोंदणीनंतरच्या काळासाठी धर्मादाय आयुक्त कार्यालयातील विश्वस्तबदलाच्या नोंदी उपयोगी पडतात. खरी अडचण मुडिया लिपीची. तिला काना-मात्रा नाहीत. ‘काकाजी अजमेर गए’ हा निरोप ‘काकाजी आज मर गए’ असा वाचून घरात रडारड झाल्याची गोष्ट आपणापैकी अनेकांनी ऐकली असेल.

येथे एक कबुली द्यावयास हवी. दुकानाचे नूतनीकरण करताना आमच्या पेढीच्या लाल कापडात बांधलेल्या जुन्या वह्या मीच रद्दीत, किलोवर, घातल्या. हिशेबाची पुस्तके किती वर्षे जपावीत हे बी.कॉम.ला शिकलो होतो. ती मुदत उलटली होती. आजोबांच्या हातची उधारीची पाने, कोणत्या गावचे गिऱ्हाईक, कोणाच्या लग्नाचा बस्ता, सारे त्यात गेले. तेव्हा वडील हयात होते. ते काही बोलले नाहीत.

पंचांच्या वह्यांपैकी काहींना वाळवी लागली आहे. उरलेल्या सध्या ट्रस्टच्या लोखंडी कपाटात ठेवल्या आहेत. आत्याआजीची नोंद बाळबोधीत होती म्हणून मला लागली. त्याच पानावर तिच्याखाली मुडियात आणखी चार नावे आहेत. दोन बहुधा स्त्रियांची असावीत. ज्येष्ठांपैकी कोणास ती लिपी येत असल्यास त्यांनी एका रविवारी सकाळी कार्यालयात यावे. मी तेथे असेन.