भातातून रेयॉन का निघत नाही?

अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत मुरलेली मंडळी ठामपणे सांगतात: समघटकता आणि किरॅलिटी हे परीक्षेचे विषय. औषधवाल्यांनी त्यांची काळजी करावी. बाकी प्लांट चालतो तो सूत्र, शुद्धता आणि यील्ड यांवर. हे मत अगदीच पोकळ नाही. 1919 साली स्थापन झालेल्या धरमसी मोरारजी कंपनीने अंबरनाथला गंधकाम्ल बनवले. त्या रेणूला डावे-उजवे नाही. पण या ‘बाकी’त उल्हासनगरला खेटून असलेले शहाडही येते, आणि तिथे हा दावा कोसळतो.

शहाडची सेंच्युरी रेयॉन 1956 पासून लाकडाच्या लगद्यातून धागा काढत आली आहे. लगदा म्हणजे सेल्युलोज. भाताची पेज म्हणजे स्टार्च. दोन्हींचा घटक एकच, ग्लुकोज. सहा कार्बन, दहा हायड्रोजन, पाच ऑक्सिजन हीच आवर्तने. सूत्रच सर्वस्व असेल, तर लगदा कशाला? तांदळाची कणी का नको? स्टार्चही कार्बन डायसल्फाइडशी संयोग पावून झँथेट देतो. तरी त्याचे कापड कुणी विणत नाही. पहिल्या कार्बनवरचा बंध सेल्युलोजमध्ये बीटा, स्टार्चमध्ये अल्फा. बीटा साखळी सरळ पसरते आणि शेजारणीला हायड्रोजन बंधांनी चिकटते; अल्फा साखळी वेटोळे घालते. पुरावा हवा? पेजेत आयोडिनचा थेंब टाका: गर्द निळी. वेटोळ्यात आयोडिन अडकते. खळ न दिलेल्या धाग्यावर टाका. तो निळा होत नाही.

‘स्टार्चला फांद्या असतात, दोष त्यांचा.’ फांद्या आहेत, पण स्टार्चमधल्या अमायलोजला त्या जवळजवळ नसतात. वेटोळे तरीही पडतेच. ‘पाण्यात अल्फा-बीटा एकमेकांत बदलतात, मग भेद कसला?’ सुट्या ग्लुकोजपुरते खरे: अल्फाचे 112 अंशांचे आणि बीटाचे 19 अंशांचे विशिष्ट वलन शेवटी 52.7 वर स्थिरावते. पण साखळीत गुंफल्यावर ही मुभा संपते. शहाडच्या कॉस्टिकमध्येही बीटा बंध बीटाच राहतो.

उरला तगडा आक्षेप: अल्फा-बीटा ही आरशातली जोडी नव्हे, मग किरॅलिटीचा संबंध काय? पहिला भाग मान्य. सगळी साखळी डाव्या ग्लुकोजची असती तर धागा तितकाच मजबूत निघाला असता, हेही मान्य. पण एकाच साखळीत डावे-उजवे घटक कसेही मिसळले असते तर? कड्या एका रेषेत येणार नाहीत, शेजारच्या साखळ्यांशी बंध जुळणार नाहीत. सूत्र शाबूत, शुद्धता शंभर टक्के, आणि स्पिनरेटमधून हाती लागेल तो धागा नव्हे. शहाडमध्ये ही निवड कुणाला करावी लागत नाही. झाड ती फुकट करून देते, म्हणून खर्चाच्या वहीत ती कधी दिसली नाही.