जुन्या मोटारीचा रंग : खरे काम पत्र्याचे

मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून उतरली. खासगी मालकांकडच्या पद्मिनी मात्र अजून टिकून आहेत. वडिलांची किंवा आजोबांची गाडी घरच्या आवारातच पूर्ववत करण्याचा छंद असलेल्यांची पहिली पसंती बहुधा तीच असते. यंत्राची दुरुस्ती जाणकार मेस्त्री करून देतो; फसगत होते ती रंगात. चकचकीत दिसणारी गाडी दुसऱ्या पावसाळ्यात फोड धरू लागते आणि केलेला सारा खर्च वाया जातो.

याचे कारण या गाडीच्या बांधणीत आहे. फियाट ११०० या इटालियन मोटारीची ही भारतीय आवृत्ती प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात १९६४ पासून तयार होऊ लागली आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने विकली गेली. तिला ट्रकसारखी वेगळी चौकट नाही. पत्र्याचा सांगाडाच सारा भार पेलतो. त्यामुळे दारांखालची पोकळ पट्टी, म्हणजे सिल, किंवा पायाखालचा पत्रा गंजला, तर तो केवळ दिसण्याचा प्रश्न राहत नाही. अशा जागी पुट्टी भरून वर रंग मारणे ही शुद्ध फसवणूक होय, मग ती गिऱ्हाइकाची असो वा स्वतःची. तेथे गंजलेला भाग कापून नवा पत्रा जोडणे, हाच एक उपाय. जुनी गाडी विकत घेताना लहानसे लोहचुंबक रुमालात गुंडाळून पत्र्यावरून फिरवावे. जेथे ते धरत नाही, तेथे खाली पुट्टीचा जाड थर असतो.

काचा, रबरी बीडिंग, क्रोमच्या पट्ट्या, कड्या व दिवे काढून ठेवल्याशिवाय रंगकामाला हात घालू नये. कागद चिकटवून काम भागवले, की रबराच्या कडेला रंगाची रेघ उरते आणि रबराखालचा गंज तसाच राहतो. याच वेळी दारांच्या पॅडमागे व डॅशबोर्डच्या खाली पाहावे. तेथे कारखान्याचा मूळ रंग बहुधा शाबूत सापडतो. नोंदणी पुस्तकात रंगाचीही नोंद असते, म्हणून वेगळा रंग निवडल्यास परिवहन कार्यालयाला कळवावे लागते. जुन्या रंगांत शिसे असण्याची शक्यता असल्याने ते कोरडे घासू नयेत. पाण्याने घासल्यास धूळ उडत नाही.

उघडा पत्रा मुंबई-कोकणच्या दमट हवेत काही तासांतच तांबूस होऊ लागतो. म्हणून एका दिवसात जेवढा भाग उघडा करून स्वच्छ करता येईल तेवढाच हाती घ्यावा आणि त्याच दिवशी त्यावर इपॉक्सी प्रायमर द्यावा. गंजनाशक आम्ल वापरले असल्यास ते धुऊन पत्रा पूर्ण कोरडा करावा, अन्यथा प्रायमर धरत नाही. पॉलिस्टर पुट्टी पाणी शोषते. ती दोन-तीन मिलिमीटरहून जाड नसावी. खड्डा मोठा असेल, तर तो डेंटरच्या हातोडीनेच काढावा. प्रायमर सरफेसरवर काळ्या रंगाचा विरळ फवारा मारून ठोकळ्यावर गुंडाळलेल्या कागदाने घासले, की खोल जागी काळे ठिपके उरतात आणि उंचवटे लगेच उघडे पडतात. नुसत्या बोटांनी घासलेला पत्रा हाताला गुळगुळीत लागतो, पण वरचा रंग चमकू लागला की त्यावर लाटा दिसतात. छंदी मंडळींचा संयम येथेच सुटतो. वास्तविक एकूण वेळेचा मोठा वाटा याच घासण्याला द्यायला हवा.

अंतिम थरासाठी दोन मार्ग आहेत. एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज रंग, थिनर उडून गेला की वाळतो आणि पुन्हा थिनर लागताच विरघळतो. त्याची डागडुजी सोपी, पण चमक लवकर मंदावते. दोन घटकांचा पीयू रंग टिकाऊ व चकचकीत असतो. मात्र त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याच्या फवाऱ्याने कायमचा दमा जडू शकतो आणि एकदा शरीर संवेदनशील झाले, की पुढे अत्यल्प मात्राही पुरते. वासाने धोक्याची सूचना मिळेलच असे नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा नसेल, तर हा रंग घरी मारू नये; नाकाला बांधलेला रुमाल येथे निरर्थक आहे. तासणे, प्रायमर, घासणे घरी आणि शेवटचा पीयू थर बूथ असलेल्या कार्यशाळेत, ही विभागणी सर्वांत शहाणपणाची. कमीपणा वाटण्याचे त्यात काही नाही. जुन्या रंगावरच काम करायचे असेल, तर आधी थिनरमध्ये भिजवलेला कापूस आडबाजूला चोळावा. कापसाला रंग लागला तर तो एनसी समजावा. त्यावर पीयू चढवल्यास खालचा थर सुरकुततो.

एनसी घरी मारायचा असल्यास पावसाळा टाळावा. थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतील बाष्प त्यावर साचते आणि रंगावर पांढुरकी झाक येते. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतील कोरडे दुपारचे तास उत्तम. कॉम्प्रेसरला पाणी गाळणारा सापळा हवाच. सिलिकॉनचे पॉलिश आसपासही नको, कारण त्याच्या कणांनी रंगात माशाच्या डोळ्यांसारखे खळगे पडतात. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते व जमिनीलगत साचते. म्हणून इमारतीखालच्या बंदिस्त पार्किंगमध्ये हे काम करणे म्हणजे शेजाऱ्यांच्या जिवाशी खेळ होय.

रंग पुरता वाळल्यावर, घाई न करता, १००० ते २००० क्रमांकाच्या वॉटर पेपरने घासून कंपाऊंड फिरवावे. कडांवर हात हलका ठेवावा, तेथे थर सर्वांत पातळ असतो. सिलच्या पोकळीत मेणयुक्त गंजरोधक फवारावे. रबर बसवण्यापूर्वी दारांच्या तळाची पाणी निघून जाण्याची छिद्रे तारेने मोकळी करून घ्यावीत. नव्या रंगाने ती हमखास बुजलेली असतात.